आढ्याचा मान

माझा नवरा हुशार आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते. एखादी वस्तू कशी करायची हे त्याला झोपेतसुद्धा कळतं, पण ती करावी की नाही, हे कळायला दुसरं कुणी लागतं. आणि त्या दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नसतं, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि पुढं मोठं फरशीचं अंगण. चैत्रात जत्रा भरते. जत्रेआधी अंगणात मांडव घालतात, आणि मांडवाच्या मधोमध, खांबांवर आडवं टाकायचं एक सागवानी लाकूड आहे. त्याला आढं म्हणतात. वर्षभर ते ओवरीत पडून असतं. मांडवाच्या दिवशी त्याला धुतात, भस्म लावतात, आणि एकच माणूस ते खांद्यावर घेऊन देवळाला एक वेढा घालतो. मग ते वर चढतं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. हा मान सोमेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, घरात पणजोबापासून होता.

माझे सासरे, रेवणप्पा, यांच्या हातून एका वर्षी ते आढं पडलं. पायरीवर पाय चुकला, बाकी काही नाही. कुणाला लागलं नाही, एक फरशी तेवढी तडकली. पण गाव माणसाचं मरण विसरेल, पडणं विसरत नाही. दुसऱ्या वर्षी मान त्यांच्या चुलतभावाकडं, संगप्पाकाकांकडं गेला आणि मामंजींना ‘आढंपाड्या’ हे नाव पडलं. तेव्हापासून त्यांनी जत्रेला गावात पाय ठेवला नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते त्या दिवशी उपाशी बसायचे आणि समोर येईल त्याच्यावर डाफरायचे. समोर बहुधा मीच असायची.

सोमेशला लहानपणापासून एकच गोष्ट हवी होती. आप्पांच्या खांद्यावर पुन्हा एकदा ते आढं चढावं, आणि गावानं ते बघावं. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं मला हेच सांगितलं होतं. बाकीच्यांचे नवरे महाबळेश्वरचं बोलत होते.

संधी आली ती उन्हामुळं. दरवर्षी मांडवाच्या कापडाखाली माणसं भाजून निघायला लागली, तेव्हा पंचांनी ठरवलं की लोखंडी पत्र्याची कायमची शेड घालू. सोलापूरहून एक इंजिनियर आला, त्यानं अंगणात पहार आपटली आणि नाही म्हणाला. अंगणाखाली जुनी बारव बुजवलेली आहे. एवढं वजन टाकलं तर जमीन खचेल, ओवरीचे खांबही ओढले जातील. छत घालायचंच असेल तर अगदी हलकं घाला, असं तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

हलकं म्हटल्यावर सोमेशला सणच. तो पुण्याला पवनचक्कीची पाती करणाऱ्या कंपनीत होता. सासूबाई गेल्या, टॉवेलच्या कारखान्यातले निम्मे माग बंद पडले, म्हणून तो परत आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या त्या बंद अर्ध्या भागात त्यानं कार्बन फायबरचं काम सुरू केलं होतं. ड्रोनचे पंख, कृत्रिम पायांची कवचं, असलं काहीबाही. मामंजी उरलेल्या अर्ध्या भागात टॉवेल विणून घ्यायचे. मधली भिंत ओलांडून ते इकडं कधी आले नाहीत. ‘ते काळं काम’ म्हणायचे.

सोमेशनं देवळासाठी मांडव काढला, कागदावर नव्हे, थेट जमिनीवर खडूनं. चार बारीक खांब. त्यांवर एकच आढं, कार्बनचं, आतून पोकळ. आढ्यापासून दोन्ही बाजूंना काळ्या धाग्यांच्या जाळीच्या फासळ्या, आणि त्यांवर ताणलेलं पांढरं कापड. सगळं छत चार माणसांनी उचलून नेता यावं एवढं हलकं, आणि चैत्रातल्या वावटळीत हलणार नाही एवढं घट्ट. मी आर्किटेक्ट नाही, मी बी.कॉम. आहे, पण ते चित्र सुंदर होतं. त्यात मी खोटं बोलणार नाही.

केलं आम्ही दोघांनीच, गोदामातल्या दोन बायांना मदतीला घेऊन. मागाच्या ज्या चौकटीवर एरवी सुताच्या कांड्या लागतात, तिच्यावर काळ्या धाग्याच्या कांड्या लावल्या. तो धागा केसांपेक्षा बारीक तंतूंचा असतो. राळेच्या पन्हळीतून ओला करून तो साच्यावर गुंडाळायचा, एकदा तिरका असा, एकदा तिरका तसा, ताण जराही सैल होऊ द्यायचा नाही. हातमोजे घातले तरी त्याची कुसं मनगटात घुसायची आणि भाकरी थापताना खाज सुटायची. टॉवेल सुकवायच्या खोलीत हीटर वाढवून सोमेशनं भट्टी केली. भट्टीतून आढं निघालं तो क्षण मी अजून विसरलेले नाही. चांगलं वीस फुटी, कवेत मावेल एवढं जाड. घासून, वरून तकाकी चढवल्यावर ते तेल पाजलेल्या शिसवीसारखं दिसायला लागलं. बघणाऱ्याला वाटावं, दहा माणसं लागतील. आणि वजन रिकाम्या गॅस सिलिंडरपेक्षाही कमी.

“आप्पांना आता झेपेल की,” सोमेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्याची अट एकच होती. मांडव फुकट देतो, पण नवं आढं चढवायचा मान आप्पांना द्या. पंचांनी हो म्हटलं. संगप्पाकाकांनीही हो म्हटलं, आणि माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. कारण हा मांडव कायमचा. एकदा आढं चढलं की दरवर्षी वेढा घालणं बंद, म्हणजे काकांच्या घरचा मानही बंद. एवढ्या मोठ्या गोष्टीवर माणूस हसतमुखानं पाणी सोडत नसतो.

आठ-पंधरा दिवसांनी काका शेडवर आले. सोमेश चहा सांगायला बाहेर गेला. मी कांड्यांच्या मागं होते, त्यांना दिसले नाही. काकांनी आढ्याला हात फिरवला, इकडं तिकडं पाहिलं आणि त्याचं एक टोक दोन बोटांनी उचललं. परत ठेवलं. सोमेश आला तेव्हा ते म्हणाले, “लई भारी काम केलास रं सोमेश. रेवण्णाला सांगितलास न्हाय न्हवं, कसं हाय त्ये? नकोच सांगू. त्या दिवशीच बघू दे त्याला.”

सोमेशच्याही मनात तेच होतं. आप्पा उचलतील, ते पिसासारखं खांद्यावर येईल, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद येईल तो त्याला बघायचा होता. मी काकांच्या दोन बोटांची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, “त्यांनाही आवडलंय बघ.” मी म्हटलं, आत थोडी वाळू भरा, माणसाला उचलल्यासारखं तरी वाटू दे. तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी देवाला मटण वाढा म्हटलंय.

“हलकं करण्यासाठी तर सगळं केलं, सिद्धे,” तो म्हणाला.

इकडं मामंजींचं वेगळंच चाललं होतं. मान परत मिळणार म्हटल्यावर माणूस बदलला. ते पहाटे उठायला लागले. मी डबा घेऊन सकाळी कारखान्यावर जायची, तेव्हा आवारात ते सुताचं पोतं खांद्यावर घेऊन शेडला वेढे घालत असायचे. आधी अर्धं पोतं, मग पाऊण, मग भरलेलं. साठी उलटलेला माणूस, कंबरेचा मणका सरकलेला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, ओठ दाताखाली. सोमेश खिडकीतून बघायचा आणि डोळे पुसायचा. मला तर त्या खिडकीवर दगड मारावासा वाटायचा.

न राहवून मीच एकदा बोलले. “मामा, नवं आढं इतकं जड नाही. एवढा त्रास कशाला करून घेता?”

त्यांनी पोतं उतरवलं. “तुला काय कळतंय बाई. देवाचं वजन हाय त्ये. हलकं कसं आसंल?”

त्या आवाजात इतका विश्वास होता की मला पुढं बोलवलं नाही.

मांडवाचा दिवस आला. खांब आम्ही आधीच रोवले होते. आढं चादरीत गुंडाळून टेम्पोनं नेलं आणि मी नि सोमेशनंच ते देवळाच्या अंगणात, दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं. गाव लोटलं होतं. मामंजी नवं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, उघड्या अंगावर उपरणं, असे चालत आले. माणसं बाजूला झाली. कुणी ‘आढंपाड्या’ म्हणालं नाही. म्हाताऱ्यांनी त्यांना ‘बा रेवण्णा’ म्हणून कन्नडात बोलावलं. मी त्यांची सून म्हणून इतकी वर्षं काढली, पण त्यांची मान अशी सरळ कधी पाहिली नव्हती.

चादर काढली. काळं, झळझळीत, जाडजूड आढं बघून गावात कुजबुज झाली. मामंजींनीही ते पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हात जोडले, गुडघे वाकवले, खांदा खाली सरकवला, दात आवळले, आणि महिनाभर कमावलेलं सगळं बळ एकवटून एक झटका दिला.

भरलेली समजून रिकामी घागर उचलावी, तसं झालं. आढं खांद्यावर थांबलंच नाही, वर उडालं. मामंजी मागच्या मागं फरशीवर आपटले, धोतर सुटलं, पाय वर. आढं त्यांच्या बाजूला पडलं आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यासारखं टण टण वाजत घरंगळत गेलं.

क्षणभर कुणी हसलं नाही. मग संगप्पाकाका पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, “कमलम्मा कुटं हाय? कमलम्मा, हिकडं ये.”

कमलम्मा म्हणजे मामंजींची चुलती. ऐंशी ओलांडलेली, कंबरेत वाकलेली. काकांनी तिला आढ्याच्या मधोमध उभं केलं. “धर बघू काकू.” तिनं धरलं. उचललं. तिला स्वतःलाच एवढं नवल वाटलं की ती बोळक्या तोंडानं हसायला लागली आणि ते आढं घेऊन चार पावलं नाचली. मग काय विचारता. गाव हसलं, ते पोट धरून. बायका पदर तोंडाला लावून, पोरं जमिनीवर लोळून. “आढंपाड्या” कुणीतरी ओरडलं. “आधी जड म्हनून पाडलं, आता हलकं म्हनून पाडलं.”

सोमेश वडिलांना उठवायला धावला. मीही धावले. मामंजींनी धोतर सावरलं, सोमेशचा हात झटकला आणि स्वतः उठले. त्यांनी सगळीकडं एकदा पाहिलं. मला वाटलं, आता ते वेशीतून बाहेर चालायला लागतील. किंवा रडतील. दोन्ही मला समजलं असतं.

ते हसले.

“मी सांगितलं हुतं ह्याला,” ते गावाला म्हणाले, बोट सोमेशकडं. “देवाच्या दारात पोरखेळ आनू नको म्हनून. ऐकतंय कुटं? पुण्यास्नं शिकून आलंय न्हवं.”

खोटं. धडधडीत खोटं. ते एक शब्द बोलले नव्हते. पण लोक हसले, आणि आता ते त्यांना हसत नव्हते, त्यांच्याबरोबर हसत होते. मामंजींना तो फरक लगेच कळला. उपाशी माणसासमोर ताट आलं की तो मागं वळून बघत नाही.

“ल्हानपनी दप्तर बी आईच्या खांद्यावर द्यायचं,” ते म्हणाले. “ह्याला काय म्हाईत वजन काय आसतंय? बापानं पडावं म्हनून केलंय का सोताला उचलता यावं म्हनून, त्येच कळंना.”

पुन्हा हशा. सोमेश तिथंच उभा होता, हात अजून पुढंच, उठवायला केलेले. “आप्पा,” एवढंच म्हणाला.

“मजबूत तरी हाय का रं त्ये?” काकांनी विचारलं.

आणि माझा नवरा, हुशार माणूस, या प्रश्नानं सावरला. कुणीतरी कामाचं विचारलं म्हणून. तो घाईघाईनं सांगायला लागला. दोन घोड्यांवर ठेवा, वर दहा माणसं बसवा, वाकणार नाही. वरून पाहिजे तेवढा भार द्या. फक्त टोकदार कशानं आडवा घाव घालायचा नाही, तेवढं एक ते सोसत नाही. मी त्याचा शर्ट मागून ओढत होते. त्याला कळलंच नाही.

मामंजींनी ऐकलं. खांबांचे खड्डे घेतलेली पहार ओवरीला टेकून ठेवली होती. ते गेले आणि ती घेऊन आले.

“आप्पा, नको की,” सोमेश म्हणाला. “आप्पा, तुमच्यासाठी केलंय.”

पहिला घाव निसटला. लोकांनी हो करून आवाज दिला. दुसरा घाव त्यांनी टोकानं घातला. सुताची पोती वाहून कमावलेलं बळ त्या दिवशी कुठंच खर्ची पडलं नव्हतं. ते सगळं त्यांनी त्या पहारीत घातलं. तिसऱ्याला तकाकी तडकली, चौथ्याला पहार आत गेली आणि आतले काळे तंतू बाहेर आले. ते धागे मी पन्हळीतून ओढले होते, एकेक. मामंजी धापा टाकत थांबले आणि पहार काकांकडं दिली, जणू काकांनीच मागितली होती.

काकांनी ओवरीतलं सागवानी आढं धुवून घेतलं, भस्म लावलं, खांद्यावर घेतलं. चार पावलं जाऊन थांबले. “रेवण्णा,” ते म्हणाले, “मागनं खांदा लाव. वय झालं आता.”

असं कधीच झालं नव्हतं. एकट्याचाच मान होता तो. पण पंचांनी माना डोलावल्या, आणि मामंजी गेले. एका खांद्याच्या मागं दुसरा खांदा. दोघांनी देवळाला वेढा घातला. म्हातारी माणसं त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. मामंजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सोमेशला इतकी वर्षं जे बघायचं होतं ते सगळं त्याच्यासमोर चालत गेलं. आप्पांच्या खांद्यावर आढं होतं आणि सगळं गाव बघत होतं.

मग हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, पंगती बसल्या. मामंजी काकांच्या शेजारी, पहिल्या रांगेत. सोमेश अजून त्या मोडक्या आढ्याजवळ होता, सुटलेले धागे बोटानं आत सारत होता. त्याला म्हटलं, चला, घरी जाऊ. त्यानं ऐकलं नाही.

“ए सोम्या,” मामंजींनी पंगतीतून हाक मारली. “त्ये उचल हितनं. वाढपी अडखळत्यात. हलकंच हाय, एकट्याला झेपंल.”

सगळी पंगत हसली. काकांना ठसका लागला, इतकं. सोमेशनं ते आढं खांद्यावर घेतलं. मी दुसरं टोक धरायला गेले, तर त्यानं मान हलवली. टेम्पो देवळाच्या मागं उभा होता, आणि पंगतीनं जवळची वाट अडवलेली. म्हणून त्याला देवळाला सगळा वेढा घालूनच जावं लागलं. पोरं मागं लागली. कुणी त्याच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतलं, चेष्टेनं. तो वाकला नाही, थांबलाही नाही. खाली मान घालून चालत राहिला.

मी त्याच्यामागं निघाले होते, तोच मामंजी म्हणाले, “सुनबाई, कुटं निघालीस? हुग्गी वाढ की हिकडं.”

रांगेतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पातेलं उचललं आणि त्यांच्या पानात हुग्गी वाढली. त्यांनी बोटानं चाखली, काकांकडं बघून हसले आणि म्हणाले, “लई वर्सांनी गावची हुग्गी खातोय. वाढ आजून थोडी.” मी वाढली.